कमळूची मळई

नथू मुरबाडजवळच्या वैशाखरे गावात आला तो चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात, बायकोच्या माहेरी राहायला. जावयानं सासुरवाडीला दोन दिवस पाहुणचार घ्यावा आणि निघावं, ही रीत. नथूला मात्र परत जायला जागा उरली नव्हती. मुंबईला गोदीत जहाज फुटलं त्या दिवशी तो जवळच्याच वखारीत गोण्या वाहत होता. अंगावर फारशी जखम झाली नाही, पण दोन्ही कानांतून रक्त आलं आणि त्यानंतर त्याला काहीच ऐकू आलं नाही. राहती खोली जळाली. मुकादमानं दोन आठवडे वाट पाहिली आणि मग सांगून टाकलं, की बहिऱ्या माणसाला ओझ्याखाली उभा करता येत नाही, कुणाचा तरी जीव जाईल. हे सांगणंसुद्धा त्याच्या बायकोनं, जिवलीनं, हातवारे करून त्याच्यापर्यंत पोचवलं. सहा वर्षांचा संसार होता. तिच्या ओठांवरून त्याला अर्धंमुर्धं कळे, उरलेलं ती हातांनी सांगे. दुसऱ्या कुणाचं त्याला काही कळत नसे.

नथूचा जन्म मुंबईतला. बाप शहापूरकडून गोदीत कामाला गेला आणि तिथंच मेला. गावाकडे त्याची जमीन उरली नव्हती, आणि असती तरी नथूला ती कसता आली नसती. भेंडी झाडाला वर तोंड करून लागते की खाली लोंबते, हेही त्याला ठाऊक नव्हतं. भाजी त्यानं टोपलीत पाहिलेली, नाहीतर ताटात.

जिवलीचा भाऊ देवजी मनानं मोकळा होता. पण भाताची खाचरं घरच्यांना जेमतेम पुरतील एवढीच. दोन तोंडं वाढली तर आषाढातच कणगी रिकामी होणार, हे त्याला दिसत होतं. त्यानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी नथूला ओढ्यावर नेलं. तिथं वळणावर गाळ साठून एक तुकडा तयार झाला होता. अशा जमिनीला तिकडे मळई म्हणतात. तीन वर्षं तिथं कुणी पाय ठेवलेला नव्हता. घाणेरीची झुडपं माणसाच्या उंचीची झाली होती, मध्ये मांडवाच्या काठ्या वाकून पडलेल्या, आणि त्यांवर सुकलेल्या दोरखंडासारखे वेल. देवजीनं जमिनीकडे बोट केलं, मग नथूकडे, मग पाची बोटं तोंडाशी नेली. पिकवा आणि खा. ती मळई कुणाची होती, हे त्यानं सांगितलं नाही. हातांनी सांगणार तरी कसं? शिवाय त्याची आई जनाबाई तेव्हा आटगावला आजारी बहिणीकडे गेली होती. ती यायच्या आत जमीन साफ झाली, तर हिरवं बघून तिचा राग उतरेल, असा त्याचा हिशेब होता.

नथू कामाला लागला. कसं करायचं ते विचारायची सोय नव्हती, म्हणून तो बघून बघून शिकत होता. त्याच दिवसांत देवजी भाताचा राब भाजत होता. खाचराच्या कोपऱ्यावर शेण, फांद्या आणि पाला अंथरून त्यानं आग लावली आणि तेवढी जमीन काळी करून ठेवली. नथूला वाटलं, पेरायच्या आधी जमीन भाजायची असते. भाताला लागतं ते भाजीलाही लागत असणार. आठ दिवस तो घाणेरी तोडत होता. वेल ओढून काढले. त्यांच्या बुडाशी मनगटाएवढी जाड मुळं लागली, ती कुदळीनं खणून काढली. सगळ्याचा ढीग केला आणि पेटवला. ढीग दिवसभर जळत होता. गोदीनंतर आग नुसती दिसली तरी त्याला घाम फुटे. त्या दिवशी पहिल्यांदाच तो आगीशेजारी शांत बसला.

जनाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. वाटेवरूनच तिला ओढ्याकाठची काळी जमीन दिसली. डोक्यावरचं गाठोडं न उतरवता ती तशीच खाली आली. नथू राखेनं माखला होता. तिला बघून त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आई, बघा, साफ केलं समदं." स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो सगळं ओरडूनच बोलत असे. जनाबाईनं वाकून एक अर्धवट जळलेलं मूळ उचललं, हातात फिरवून पाहिलं, पुन्हा खाली ठेवलं आणि घरी निघून गेली. बाई प्रवासानं दमली असेल, असं नथूला वाटलं.

घरी काय झालं ते त्याला ऐकू येणार नव्हतं. जनाबाईनं देवजीला विचारलं, मळई द्यायला तुला कुणी सांगितलं. ती मळई कमळूची होती. कमळू तिचा थोरला मुलगा. जिवली लग्न होऊन मुंबईला गेल्यावर त्यानं ती जमीन काढली होती, आणि कल्याणच्या एका माळ्याकडून तोंडलीच्या वेलाचे फाटे आणून तिथं लावले होते. त्या भागात तेव्हा तोंडली कुणाकडेच नव्हती. एक्केचाळीस साली तो पलटणीत भरती झाला, ब्रह्मदेशाच्या बाजूला रस्ते बांधायच्या कामावर गेला, आणि दोन वर्षांनी तिकडेच तापानं मेल्याचं पत्र आलं. माती मिळाली नाही, हाडं मिळाली नाहीत. मळईवर कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही, असं जनाबाईनं तेव्हाच बजावलं होतं.

"त्याच्यामागं तेवढंच उरलं होतं," ती म्हणाली. "ते पण जाळलं. त्या माणसाशी मी या जन्मात बोलणार नाय."

जिवलीनं तिचे पाय धरले. त्यांना ठाऊक नव्हतं, वेल वरून सुकलेले, मुंबईच्या माणसाला काय कळणार, असं परोपरीनं सांगितलं. जनाबाई उठून गोठ्यात गेली. तेव्हा जिवलीनं मनाशी ठरवलं, की नवऱ्याला यातलं काही कळू द्यायचं नाही. त्याचं आधीच खूप गेलं होतं. आईचा राग चार दिवसांत उतरेल, मग सांगायचीही गरज पडणार नाही, असं तिला वाटलं.

राग उतरला नाही. चार महिने तो अबोला चालला, आणि ज्याच्याशी चालला होता त्याला त्याचा पत्ताच नव्हता. जनाबाई त्याच्या ताटात वाढी, त्याचं अंथरूण वाळत घाली, पण तोंड उघडत नसे. जिवली मधल्यामध्ये वाक्यं रचून सांगे. आई म्हणते, पोट भरून जेवा. आई म्हणते, उन्हात जास्त राबू नका. नथू खूश होई आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओरडून सांगे, की आपल्या सासूसारखी माया आपल्या सख्ख्या आईनंही केली नव्हती. जनाबाईला ते ओटीवर ऐकू येई. ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसे.

मळईचंही काही ठीक चाललं नव्हतं. मुरबाडच्या बाजारातून आणलेलं वांग्याचं बी त्यानं बोट बोटभर खोल पेरलं, त्यातलं निम्मं वर आलंच नाही. जे आलं ते आषाढात कुजलं. खाचराला बांध घालून पाणी अडवतात हे त्यानं पाहिलं होतं, म्हणून त्यानंही मळईला भोवती बांध घातला होता. रोपं आठ दिवस गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि माना टाकून आडवी झाली. गावातले लोक काठावर उभे राहून हसले, पण बांध फोड असं त्याला कुणी सांगितलं नाही. त्यांना स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. सगळे भाताचे शेतकरी, भाजी म्हणजे रानातून खुडून आणायची किंवा परसात एखादा वेल सोडायचा. नथूनं आपल्या मनानं बांध फोडला, माती ओढून उंच वरंबे केले आणि पुन्हा बी टाकलं. काकडीवर लाल भुंगे आले आणि पानांची चाळण झाली. तीन दिवस तो एकेक भुंगा हातानं धरून मारत होता. मग राख धुरळून बघितली, तेव्हा काही वेल वाचले. त्याची बोटं फुटली. ओढा फुगला तर वरून येणाऱ्या पाण्याचा आवाज त्याला ऐकू येणार नव्हता, म्हणून जिवली दिवसातून चार वेळा पळत येऊन बघून जाई.

भाद्रपदात दोडक्याच्या वेलाला फळं लागली. पहिले दोन दोडके नथूनं तोडले, ओढ्यात धुतले आणि थेट अंगणात आणून जनाबाईच्या हातात दिले. अंगणात शेजारच्या दोघीजणी बसल्या होत्या. जनाबाईनं दोडके घेतले, उठली आणि गोठ्यात जाऊन म्हशीपुढे टाकले.

नथू आधी हसला. सासूनं थट्टा केली असं त्याला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की बाकी कुणी हसत नाही. त्यानं जिवलीकडे पाहिलं. जिवली खाली मान घालून उभी होती. त्यानं तिला हाताला धरून ओढ्याकडे नेलं आणि समोर बसवलं.

जिवलीनं सगळं सांगितलं. मळई कमळूची होती ते, वेल कसले होते ते, सगळं. दोन-तीनदा तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, कारण रडताना तिचे ओठ त्याला वाचता येत नव्हते.

"कवापासून बोलत नाय?" त्यानं विचारलं.

"मळई जाळली तवापासून."

"अन् पोट भरून जेवा म्हनायची ती कोन?"

"मी," जिवली म्हणाली.

नथूनं तिचे डोळे पुसले. मग म्हणाला, "मला ऐकू येत नाय, त्याचं काय नाय, जिवले. पण कुनी बोललंच नाय ते मला सांगू नको. अन् जे बोलतील ते गाळू नको. माज्याकडं फक्त तूच हायेस." त्यानं तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

तसाच उठून तो घरी गेला. जनाबाई आत चुलीशी होती. त्यानं कुदळ उंबऱ्याशी ठेवली आणि बाहेरूनच बोलला. ती मुळं कसली होती हे मला ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर हात लावला नसता. मळई तुमची आहे, मी आता तिथं जात नाही. हळू बोलावं असं त्याच्या मनात होतं, पण आवाज सगळ्या आळीत गेला. माणसं दारात येऊन उभी राहिली. आतून उत्तर आलं असतं तरी त्याला ते कळलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून नथू देवजीबरोबर रस्त्याच्या खडीवर जाऊ लागला. मळईत गवत माजलं. दोडके वेलावरच पिकून जून झाले. देवजीनं एकदा आईला म्हणून बघितलं, की आता तोंडली तर गेलीच, निदान आहे ते तरी का कुजवायचं. तिनं ऐकून घेतलं.

नवव्या दिवशी दुपारी नथू कामावरून लवकर सुटला. ओढ्यावर हातपाय धुवायला उतरला तर मळईत कुणीतरी बसलेलं दिसलं. जनाबाई होती. वांग्यांच्या रोपांमधलं गवत ती उपटत होती. नथू थबकला. परत फिरावं की पुढे जावं, हे त्याला समजेना. मग तो मळईत गेला आणि तिच्या शेजारच्या ओळीत बसून गवत काढू लागला. तिनं वर पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिचा जबडा हलताना त्याला दिसला. शिव्या देत असेल, असं त्याला वाटलं. देऊ दे, म्हणून तो मान खाली घालून काम करत राहिला.

त्याच वेळी जिवली नवऱ्याची भाकरी घेऊन ओढ्यावरून खडीच्या कामाकडे निघाली होती. दोडक्याच्या मांडवाशी तिला आईचा आवाज ऐकू आला आणि ती तिथंच थांबली.

"तू जाळलंस असं मी समद्यांना सांगितलं," जनाबाई बोलत होती. जावयाला तुमी म्हणायचं, हे ती विसरली होती. "तोंडली आदीच मेली होती रे. मीच मारली. जाताना तो म्हनला, आये, पानी घालशील ना. मी म्हनलं, घालीन. एक दिस घातलं नाय. कुनब्याचा पोर टोपली घेऊन भाजी इकनार म्हनून मला लाज. खळ्यावर चार मानसांत मी त्याला म्हनलं, त्या पलटनीत गेलेल्या पोरांच्या आया बघ कशा मान ताठ करून चालतात. तिसऱ्या दिशी तो मुरबाडला जाऊन नाव घालून आला. लोकांना मी सांगितलं, भरतीवाल्यांनी फसवला. कुनी नाय फसवला. मी धाडला."

ती बोलत होती आणि हात गवत उपटत होते. नथू तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून होता आणि त्याला एक अक्षर कळत नव्हतं. म्हणूनच ती बोलत होती, हे जिवलीला उमगलं. ती भाकरी घेऊन तशीच मागे फिरली.

दोन दिवस जिवलीला जेवण गोड लागलं नाही. डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली. सांगावं तर आईचं वर्म उघडं पडणार, न सांगावं तर पुन्हा तेच. शेवटी तिसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला ओढ्यापलीकडे नेलं आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. खळं, पलटण, पाणी, सगळं हातांनी दाखवायला तिला बराच वेळ लागला. नथूनं ते नीट बघून घेतलं. शेवटी म्हणाला, "तू ऐकलंस हे आईला कळू देऊ नको. अन् मला कळलं हे पन."

"का?" जिवलीनं हातानं विचारलं.

"दुसरं कोन हाय तिला सांगायला?" नथू म्हणाला.

त्यानं खडीचं काम सोडलं आणि मळई पुन्हा हातात घेतली. घरात काही बदललं नाही. जनाबाई वाढताना पूर्वीसारखीच गप्प असे. त्याच्यासमोर ती कुणाशी हसत नसे, आणि गावाच्या लेखी सासू-जावयाचं वैर कायमचं होतं. देवजीनं आपलीच चूक मानून एकदा तिची माफी मागितली, तेव्हा ती त्याच्यावरही खेकसली. पण दुपारी काम आटपलं की ती मळईत येई, वाकून काहीतरी करी आणि बोलत राही. कधी कमळूच्या लहानपणचं, कधी त्या खळ्यावरचंच पुन्हा पुन्हा. नथू पाणी घालत असे. पाऊस संपल्यावर ओढ्यातून कावडीनं पाणी वर आणावं लागे, दिवसाला चाळीस खेपा होत. खेपांच्या मधे तो तिच्या तोंडाकडे बघे. तिचे पुढचे दात पडलेले, त्यामुळे ओठ वाचणं अवघड होतं. पहिल्यांदा त्याला एकच शब्द ओळखता आला, कमळू. तो दिवसातून अनेकदा येई. नंतर पाणी, नंतर आये, नंतर लाज. आपण ऐकू नये ते ऐकतोय, असं त्याला वाटे आणि तो मान फिरवी. पण ती थांबली, की पुन्हा बघे. त्या दिवसांत त्याला झोप लागत नसे. गोदीत त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस मेला होता. त्याच्या बायकोला भेटायला आपण गेलो नाही, हे त्यानं जिवलीलाही कधी सांगितलं नव्हतं.

माघात वांगी बरी आली. फार नव्हे, पण देवजीनं दोनदा टोपली भरून मुरबाडच्या बाजारात नेली, आणि घरात रोज कालवण झालं. जनाबाई ते कालवण खात नसे. कांदा आणि मीठ घेऊन भाकरी खाई.

अशाच एका दुपारी ती मळईत बसून बोलत होती. बोलता बोलता मध्येच थांबली. नथू तिच्यासमोरच्या रोपाची माती भुसभुशीत करत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला कळतं का रे, मी काय बोलते ते?"

"नाय," नथू म्हणाला.

शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या हातातली खुरपी थांबली. जनाबाई त्याच्याकडे बघत राहिली. ती उठून जाईल, किंवा ओरडेल, किंवा रोपं उपटून टाकील, असं त्याला वाटलं, आणि यातलं काहीही केलं असतं तरी तो तिला अडवणार नव्हता. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग त्याच्यासमोरच्या रोपाकडे बोट दाखवलं. त्यावरच्या एका वांग्याला कीड लागली होती. नथूनं ते तोडून लांब टाकलं.

ती उठली नाही. मग सरकून त्याच्या समोर आली आणि पुन्हा बोलू लागली, या खेपेला त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सावकाश.